हॅल्वर रिंडे निवृत्त का होत नव्हते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे प्रशासक माननीय श्री. डेल क्रॉथर्स, पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख डॉ. रूथ अँडरबर्ग, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते श्री. हॅल्वर रिंडे, त्यांच्या पत्नी बेव्हर्ली, वरच्या मजल्यावरची सर्जन मंडळी, खालच्या मजल्यावरचे आम्ही सगळे, आणि जहाजासाठी पूल वर गेला म्हणून उशिरा पोचलेले, अजून अंगावरचे कोट न काढलेले माझे डुलुथकर बंधुभगिनींनो,

मी वर्ला ओस्टबी. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला आज पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी तळघरात बसते, कानाला हेडफोन लावून, आणि लॅबमध्ये जे बोललं जातं ते टाइप करते. म्हणजे बोलणं हा माझा धंदा नव्हे, ऐकणं हा आहे. डॉ. अँडरबर्गनी मला दोन सूचना केल्या. एक, थोडक्यात बोल. दोन, हॅल्वरच्या जागेचा विषय काढू नकोस. पहिली सूचना पाळणं माझ्या स्वभावात नाही, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. दुसरी मात्र मी कसोशीनं पाळणार आहे. हॅल्वरच्या जागेवर माणूस नेमायचा, की ती जागाच बंद करून आपले सगळे नमुने गाडीत घालून मिनियापोलिसच्या कंपनीकडे पाठवायचे, हा प्रश्न उन्हाळ्यापासून क्रॉथर्ससाहेबांच्या टेबलावर पडून आहे. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही.

हॅल्वर, असं चमकून बघू नका. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ते मला ठाऊक आहे. सगळ्यांना माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं. आपल्याकडची भीड ही अशी. माणूस तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात जात असला तरी आपण आधी हवापाण्याचं विचारतो. असो. मी विषय काढलेला नाही.

आता हॅल्वर काय काम करतात, ते सांगते. त्यांच्या चर्चमधल्या मंडळींचा इतकी वर्षं समज आहे की ते रक्त तपासतात. तसं नाही. ऑपरेशन झालं की आतून जे काढतात, पित्ताशय म्हणा, आतड्याचा तुकडा म्हणा, स्तनातली गाठ म्हणा, ते बरणीतून खाली येतं. ती बरणी कोण उघडतं? नाव ताडून बघायचं, वजन करायचं, मोजायचं, कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावायची म्हणजे कुठली बाजू कुठली ते पुढे कळावं, मग कापायचं, आणि कापलेल्यातला नेमका कुठला भाग सूक्ष्मदर्शकाखाली जायचा ते ठरवायचं. निदान डॉक्टरच करतात. पण डॉक्टरांना तेवढंच दिसतं, जेवढं यांनी उचलून पुढे ठेवलं. पॅथॉलॉजिस्टचा सहायक, असं या हुद्द्याचं नाव. रोग्याला हा माणूस कधी भेटत नाही आणि या माणसालाही रोगी भेटत नाही.

एक गंमत सांगते. या लोकांची डावी-उजवी आपल्यासारखी नसते. रोग्याची डावी ती डावी, म्हणजे समोर उभं राहिलेल्याची उजवी. हॅल्वरच्या हाडात हे इतकं भिनलंय की, बेव्हर्ली, आमची बेव, सांगते, त्यांनी फोनवर घराचा रस्ता समजावलेले पाहुणे दोनदा पूल ओलांडून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात पोचले. बेव म्हणाली, तिसऱ्यांदा मी फोनच काढून घेतला.

कापताना हात अडकलेले असतात, म्हणून ते पायाखालचं पेडल दाबून बोलतात, यंत्र ते टिपून घेतं आणि मी ऐकून टाइप करते. तीसेक वर्षं हा आवाज माझ्या कानात आहे. माझ्या नवऱ्याचा आवाज मी इतका ऐकलेला नाही, आणि याबद्दल तिघांपैकी कुणाचीच तक्रार नाही. सर्दी झाली, गुडघे दुखायला लागले, मुलगी नांदायला गेली, मला सगळं आवाजावरून कळायचं. न कळलेली गोष्ट एकच होती. हा माणूस निवृत्त का होत नाही?

दर शरदात म्हणायचे, हरणांच्या शिकारीचा हंगाम झाला की बस. हंगाम संपायचा, मांस फ्रीजरमध्ये जायचं, आणि सोमवारी हेडफोनमध्ये पुन्हा हॅल्वर. बेवनं थंडीत ॲरिझोनाच्या उबेला जायचं म्हणून कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला होता. तो अंगणात, बर्फाखाली. गुडघे असे की स्टुलावरून उठताना ते जो आवाज काढत, तो मला टाइप करायचा की नाही, असा प्रश्न पडायचा. मग का? पैसा? तो त्यांना पुरेसा होता. बेवच्या हातचं दुपारचं जेवण चुकवायचं म्हणून? तसं मी बेवला विचारलंही. ती म्हणाली, "अगं वर्ला, तो रोज डबा माझ्याकडूनच नेतो." मी मुळात चौकस. भोचक म्हणा हवं तर, माझी बहीण म्हणतेच.

मग माझ्या ध्यानात आलं की डिक्टेशनमध्येच काहीतरी बदललंय. हॅल्वर आधी तारेसारखं बोलायचे. पित्ताशय, इतकं लांब, इतकं रुंद, खडे आहेत, संपलं. आता मधेच प्रश्न यायला लागले. "हे टोक कुठलं?" आणि मग शांतता. पहिल्यांदा मी हेडफोनलाच उत्तर दिलं, "मला काय माहीत, बाबा." दुसऱ्यांदा, "इथे काळी शाई का, निळी का नको?" आणि पुन्हा शांतता, आणि मग हॅल्वरचा हुंकार. म्हणजे कुणीतरी बोट दाखवून उत्तर देत होतं, आणि ते बरोबर होतं.

ते बोट मार्नी पेल्टोलाचं. ती बघा, तिसऱ्या रांगेत, दाराजवळची खुर्ची पकडून, म्हणजे पळता यावं. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढणं हे मार्नीचं काम. जेवणाच्या सुट्टीत ती हॅल्वरच्या शेजारी उभी राहायची. तिला हेच काम करायचं होतं. आणि हॅल्वरनी तिला शब्द दिला होता, दोन-तीन वर्षं माझ्या हाताखाली शीक, मग परीक्षेला बस, मीही तसाच बसलो.

ते खरं होतं. हॅल्वर शवागारात मदतनीस म्हणून लागले. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात सुरी दिली, शिव्या देऊन शिकवलं, आणि कामाचा अनुभव दाखवून त्यांनी त्या वेळची परीक्षा दिली. अडचण एवढीच की ज्या दारातून ते आत आले ते त्यांच्यामागे बंद झालं होतं, आणि त्यांनी वळून पाहिलंच नव्हतं. नियम बदलून जमाना झाला होता.

हे मला कसं कळलं? एकदा हॅल्वरचा पाय पेडलवरच राहिला. मी टाइप करत गेले आणि मग थांबले. ते मी कधीच टाइप केलं नाही. आज ते सांगायला दोघांचीही परवानगी घेतलेली नाही, ती आता मागते. मिळाली असं समजते.

मार्नी म्हणाली, "परीक्षा मंडळाचं उत्तर आलं. नाही म्हणतात."

"नाही कसं म्हणतील? मी बसलो होतो."

"तुम्ही बसलात तेव्हा चालायचं. आता मान्यता असलेल्या शाळेतून शिकून आल्याशिवाय बसूच देत नाहीत. आणि त्या शाळेत जायचं तर आधी पदवी हवी."

मग नळ सोडल्याचा आवाज. मग हॅल्वर म्हणाले, "मी तुला न बघता सांगितलं. माझं चुकलं."

"मी एक्केचाळीसची आहे, हॅल्वर. हे सगळं करून परत येईपर्यंत इथे जागा राहील का?"

"राहील."

"कशावरून?"

"मी बसलोय ना तिच्यावर."

आणि लगेच पुढे, त्याच आवाजात, "अपेंडिक्स, सहा सेंटिमीटर." तेवढं मी टाइप केलं.

आता मला उत्तर मिळालं होतं, पण चौकस माणसाचं एका उत्तरानं भागत नाही. असं काय मोठं शिकायचं असतं? मी मार्नीला गाठलं. ती म्हणाली, आधी पदवी. तिच्याकडे दोन वर्षांचा डिप्लोमा होता. पदवीतही सेंद्रिय रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना, संख्याशास्त्र असं हवंच. मग अर्ज. अशा शाळा साऱ्या देशात मोजक्या, आणि प्रत्येक शाळेत जागा मूठभर. अर्जासोबत या कामातल्या कुणाच्या तरी मागे उभं राहून काम पाहिल्याचा दाखला लागतो. तो मात्र तिच्याकडे पोतंभर होता. मग दोन वर्षं. पहिलं वर्गात, जवळजवळ डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या बरोबरीनं. दुसरं वेगवेगळ्या रुग्णालयांत, तिथे नमुने कापायचे, शवविच्छेदन करायचं, फोटो काढायचे. मग सगळ्या देशासाठी असते ती परीक्षा. आणि पास झालं तरी सुटका नाही, दर तीन वर्षांनी शिक्षण चालू असल्याचा पुरावा द्यायचा.

मी विचारलं, "म्हणजे शेवटी डॉक्टर होतेस का?"

"नाही."

"मग एवढं सगळं कशासाठी गं?"

मार्नी म्हणाली, "वर्ला, तुझा तुकडा बरणीतून खाली आला, तर ती बरणी कुणी उघडावी असं वाटेल तुला?"

मी गप्प बसले. मी गप्प बसले, ही बातमी दुपारपर्यंत लॅबभर झाली होती.

मार्नीनं काम सांभाळून तीन वर्षांत पदवी पुरी केली. सेंद्रिय रसायनशास्त्रात ती एकदा आपटली. पहिल्या वर्षी एकाही शाळेनं घेतली नाही, दुसऱ्या वर्षी एकीनं घेतली, ती दोन राज्यं पलीकडे. तिथे पंचविशीतल्या मुलांमध्ये ही. ती मुलं तिला घरमालकीण समजायची. नवरा इथे, घर इथे, आणि जागेची हमी कुणाची? गुडघे गेलेल्या एका म्हाताऱ्याची. कागदावर काहीच नव्हतं. विचार करा, तुम्ही गेला असतात?

आणि हॅल्वर? तेवढे सगळे हिवाळे ते त्या स्टुलावर बसले. मधे एकदा डॉ. अँडरबर्गनी काळजीनं विचारलं, तुम्हाला आता झेपतंय का? ते म्हणाले, हंगाम होऊ दे. बेवला विचारा, तिला तरी त्यांनी कारण सांगितलं होतं का. सांगितलं नव्हतं. तिला मी सांगितलं. बेव दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या स्टुलासाठी उशी शिवून पाठवली.

आता जरा नाजूक भाग आहे. हॅल्वर, कान झाका. मार्नी शाळेतून पास होऊन आली, परीक्षेला बसली आणि थोडक्यात नापास झाली. का? आम्हाला सगळ्यांना वाटलं, वय. तसं नव्हतं. नमुना आला की आधी ताजा असताना मोजावा आणि मग टिकवायच्या द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये, टाकावा, कारण फॉर्मॅलिनमध्ये तो थोडा आकसतो. शाळेत हेच शिकवतात. हॅल्वर आयुष्यभर उलटं करत आले. आधी मुरू द्यायचं, घट्ट झालं की कापायचं आणि तेव्हाच मोजायचं. डॉक्टरांना त्यांची पद्धत ठाऊक होती, त्या तसा हिशेब धरायच्या, त्यामुळे इथे कुणाचं काही अडलं नाही. पण परीक्षेत डॉ. अँडरबर्ग नव्हत्या. अशा चार-पाच प्रश्नांना मार्नीनं शाळेचं उत्तर द्यायचं सोडून हॅल्वरचं उत्तर दिलं. डोक्यात पुस्तक होतं, पण घाईत तिचा हात बोलला, आणि तो हात हॅल्वरनी घडवलेला. घरी येऊन तिनं एकेक प्रश्न आठवून पाहिला तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

तोवर मला तो नियम अन्यायाचा वाटायचा. इतकी वर्षं शेजारी उभं राहून शिकलेलीला शाळा कशाला हवी, असं मी डबा खाताना मोठ्यानं म्हणायची. त्या दिवसापासून म्हणत नाही. शेजारी उभं राहून शिकलं की गुण येतात आणि खोडही येते, आणि कुठलं काय हे शेजारच्यालाच कळत नाही.

मग एका सकाळी हेडफोनमध्ये मी एक शब्द ऐकला आणि माझं बोट थांबलं. हॅल्वर म्हणाले होते, "ताजं असताना मोजलेलं." मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. हा माणूस बहात्तर वर्षांचा. मी उठून लॅबमध्ये गेले. तिथे स्टुलाखाली मार्नीची पुस्तकं, आणि हॅल्वर नाकावर दोन-दोन चष्मे चढवून वाचताहेत. मी म्हटलं, हे काय नवीन? ते म्हणाले, "तिला माझी खोड सोडायची आहे. माझ्या हातात ती दिसत राहिली तर तिची कशी सुटेल?" मी परत खाली आले आणि थोडी रडले. तेही मी टाइप केलेलं नाही.

वसंतात मार्नी पुन्हा बसली आणि पास झाली. हल्ली निकाल तिथल्या तिथे पडद्यावर दिसतो म्हणे. तिनं गाडीत बसून पहिला फोन हॅल्वरना केला. हॅल्वर म्हणाले, "वाईट नाही." याहून मोठं कौतुक आमच्या गावात कुणाचं झाल्याचं मला तरी आठवत नाही. आणि त्याच दुपारी ते क्रॉथर्ससाहेबांकडे जाऊन निवृत्तीचा अर्ज देऊन आले. त्यांना सांगण्यात आलं, जागेचं होऊन जाईल. ते निर्धास्त झाले.

अध्यक्षमहाराज, जागेचा विषय काढायचा नाही, तो मी काढलेला नाही, याला ही सगळी सभा साक्षी आहे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय माझं राहिलेलं नाही. निव्वळ कुतूहल म्हणून एक विचारते. ऑपरेशन चालू असतं, पोट उघडं असतं, आणि वरून तुकडा खाली येतो की कड स्वच्छ आहे का, रोग उरला नाही ना, ते सांगा, अजून कापू का थांबू. वीसेक मिनिटांत उत्तर जावं लागतं. मिनियापोलिस अडीच तासांवर आहे, तेही बर्फ नसेल तर. तर साहेब, सोमवारी सकाळी पहिली बरणी खाली येईल, ती कोण उघडणार?

काय म्हणालात, साहेब? मागे ऐकू गेलं नाही, मी सांगते. सवय आहे मला, दुसऱ्याचं बोलणं पोचवायची. साहेब म्हणाले, "बघू."

साहेब शिकागोकडचे आहेत, त्यांना कदाचित कल्पना नसेल. "बघू" म्हणजे काय, ते इथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

हॅल्वर, तुम्ही का उठलात? भाषण व्हायचंय तुमचं, पण माझं झाल्यावर. बरं, बोला. हॅल्वर म्हणताहेत, "मग सोमवारी मी येतो."

बेव, तू तरी त्यांना बसव. बेव काय करतेय ते मागच्यांना दिसत नसेल. निरोपासाठी आणलेल्या केकच्या पॅनवर ती झाकण लावतेय. ज्या बाईनं ॲरिझोनाची वाट बघत कॅम्परवरचा बर्फ दर हिवाळ्यात झाडला, ती केकवर झाकण लावतेय. चारी कोपरे दाबून. आता पिशवीत घालतेय. निवृत्ती नाही, तर केकही नाही.

डॉ. अँडरबर्ग साहेबांकडे बघताहेत. सर्जन मंडळी साहेबांकडे बघताहेत. मी पण बघते.

साहेब उभे राहिले आहेत. हो, बोला ना, मी आहे. साहेब म्हणताहेत, "मार्नी, सोमवारी सातला ये. कागदावर सही मी आत्ता, इथून उठल्यावर करतो."

सभेतल्या सर्वांनी हे ऐकलं. धन्यवाद, साहेब, मनापासून धन्यवाद. मार्नी, दाराकडे बघू नकोस, इकडे बघ. बेव, काढ ते झाकण, आणि पहिला तुकडा साहेबांना दे.

डॉ. अँडरबर्ग, आपली दुसरी सूचना मला नीट पाळता आली नसेल, तर ते माझ्या कानांना तोंड फुटल्याचा दोष समजा. शब्द कमीजास्त झाला असेल, कुणाचं न सांगण्यासारखं सांगितलं गेलं असेल, तर सभेनं उदार मनानं पोटात घालावं. टाइप करताना चुकलं तर मागे जाता येतं, बोलताना येत नाही. या लांबलेल्या भाषणाला कान दिलात, काहींनी तर उभ्या उभ्या ऐकलंत, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे.

आणि हॅल्वर, ती बसलीय आता तुमच्या जागेवर. तुम्ही घरी जा.